किब्बर, फेब्रुवारी, उणे पंचवीस: हिमबिबट्यासाठी तासन्‌तास बसायची तयारी

बोरिवलीचा_बगळा | २ डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हिमाचलातल्या स्पितीत किब्बरला हिमबिबट्या बघायला जायचं पक्कं झालंय. आम्ही चौघं, सगळे बोरिवली-दहिसरचे, सगळ्यांची पन्नाशी नुकतीच उलटलेली. पक्ष्यांसाठी भांडुप पंपिंग, उरण, नॅशनल पार्क हे नेहमीचं. थंडीचा अनुभव म्हणाल तर पहाटे भरतपूरला दात वाजले तेवढाच. मुंबईत आजवर नोंदलेलं सगळ्यांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. तेव्हा आमच्यातला एकही जन्मलेला नव्हता.

किब्बर ४,२०० मीटरच्या वर आहे. फेब्रुवारीत रात्री उणे २० ते २५ धरून चाला, असं होमस्टेवाल्याने सांगितलंय. त्याचं एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाहीये: "सर, चलना कम है, बैठना ज़्यादा है." गावातले स्पॉटर पहाटेच निघतात, दरीच्या काठावरून दुर्बिणी लावतात, प्राणी दिसला की वॉकीटॉकीवर निरोप येतो. आपण तिथे जायचं आणि महाराज कड्यावर झोपलेले असले तर ते उठेपर्यंत बसायचं. पाच-सहा तास सहज.

ट्रेकचे धागे ढिगाने सापडले, पण ते सगळे चालणाऱ्यांचे. बसणाऱ्याने काय घालावं, कॅमेरा कसा सांभाळावा, खायला काय न्यावं आणि यातलं मुंबईत काय मिळतं? जाणकारांनी लिहा.

टपरी_नं_९ | २ डिसेंबर, रात्री १०:३१

कुर्ल्याच्या मॉलमध्ये बर्फाचं ते प्रकरण आहे ना, तिथे सहा तास बसून बघा. पोरं अंगावर बर्फ फेकतील ते वेगळं. (हलके घ्या.)

हिरवी_वाट | २ डिसेंबर, रात्री ११:०५

बगळेराव, अभिनंदन आणि थोडी जळजळ!

मी हिवाळ्यात किब्बरला राहून आलेय, म्हणून आधी वाटेचं सांगते. मनालीवरून जायचा विचार असेल तर सोडून द्या. अटल बोगद्यातून लाहौलला पोचाल, पण पुढची कुंझुम खिंड हिवाळाभर बंद असते. शिमल्याहून किन्नौरमार्गेच जायचं: रामपूर, कल्पा, टाबो, काझा, मग किब्बर. लांबचा रस्ता आहे, पाठ खिळखिळी होते, पण उंचीच्या हिशेबाने हाच भला. शिमला साधारण २,२०० मीटर, कल्पा २,९०० च्या वर, टाबो ३,२८० च्या आसपास. अंगाला पायरी-पायरीने सवय होते. दिवस वाचवायला मुक्काम गाळू नका, टाबोला एक रात्र राहाच. ९९६ सालचा मठ आहे, तोही बघून होईल.

बर्फ पडला की रस्ता दोन-दोन दिवस बंद राहतो. परतीचं चंडीगढचं विमान अगदी काठोकाठ धरू नका.

घरात तंदूर म्हणजे लोखंडी चूल, तिचं धुराडं छपरातून बाहेर काढलेलं. ती एकाच खोलीत. सगळं घर तिथेच जेवतं, तिथेच गप्पा मारतं. बाकीच्या खोल्या बाहेरइतक्याच गार. झोपायच्या खोलीत कोळशाची शेगडी मागून घ्यायची नाही, कुणी प्रेमाने आणून दिली तरी नाही. दारं-खिडक्या बंद, त्यात विषारी वायू कोंडतो आणि झोपेत कळतही नाही. नळ गोठलेले असतात, पाणी बादलीने येतं, आंघोळ विसरा.

कपड्यांचं उद्या लिहिते, डोळे मिटतायत.

प्रेअरीकर | ३ डिसेंबर, सकाळी ६:४८

मूळचा दादरचा, आता बरीच वर्षं कॅनडात सस्कातूनला. हिमबिबट्या बघितलेला नाही, पण प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण गारठ्यात गप्प बसायचं म्हणजे काय ते इथे शिकलो. नोव्हेंबरात शेजाऱ्याबरोबर पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीला जातो. उजाडायच्या आत शेताच्या कडेला जाऊन बसायचं आणि दुपारपर्यंत हलायचं नाही. उणे २० असतं, कधी त्याच्याही खाली.

इथले जुने शिकारी नवख्याला पहिली गोष्ट सांगतात ती कोट कुठला घ्यावा ही नाही, तो केव्हा घालावा ही. गाडीतून उतरताना जाड कोट अंगात घालायचा नाही, पाठीवरच्या पिशवीला बांधायचा. अंगात पातळ लोकर आणि वारा अडवणारं एक जाकीट, बस. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. वाजत नसेल तर तुम्ही जास्त कपडे घातलेत, आणि बर्फातून अर्धा तास चाललात की पाठ घामाने भिजणार. चालताना ती ओल जाणवत नाही. बसल्यावर पंधरा मिनिटांनी जाणवते, आणि मग वरून कितीही चढवा, दुपारपर्यंत ऊब येत नाही.

म्हणून सावकाश चालायचं, घाम येतोय वाटलं की चेन उघडायची, टोपी काढायची. जागेवर पोचल्यावर लगेच बसायचं नाही. पाच-दहा मिनिटं उभं राहून अंगाची वाफ जाऊ द्यायची, आतला ओलसर गंजीफ्रॉक बदलायचा (हो, त्या गारठ्यात, अर्ध्या मिनिटात, आरडाओरडा न करता), आणि मग कोट, वरची पँट, जाड टोपी सगळं एकदम चढवायचं.

दुसरं म्हणजे बूड आणि तळवे. थंडी वरून येते तेवढीच खालूनही येते. योगा मॅटपेक्षा जाड, पाणी न पिणारा फोम मिळतो, त्याचे दोन तुकडे कापून घ्या. एक बसायला, एक पावलांखाली. पावलांखालचा सगळे विसरतात.

बूट एक नंबर मोठा. दोन जोड्या मोजे कोंबून घट्ट झालेल्या बुटात पाय आधी गोठतो, कारण बोटांभोवती हवाच उरत नाही आणि रक्तही नीट फिरत नाही. आत बोटं हलवता आली पाहिजेत.

बंदुकीचं सांगायचं कारण तुमचा कॅमेरा. इथे संध्याकाळी बंदूक उबदार खोलीत आणत नाहीत, कुलूपबंद थंड जागेतच ठेवतात. आत आणली की गार लोखंडावर हवेतलं पाणी जमतं, सकाळी बाहेर नेली की ते आतल्या आत गोठतं आणि चाप ओढल्यावर नुसता मुका आवाज येतो. नेहमीचं तेलही घट्ट होतं, म्हणून बोल्ट पुसून कोरडा ठेवतात. लेन्सचं गणित तेच.

करवंद | ३ डिसेंबर, सकाळी ९:२०

धागा हिमबिबट्या वाचवणाऱ्यांचा आणि पहिला मोठा सल्ला बंदूकवाल्याचा. छान.

प्रेअरीकर | ३ डिसेंबर, सकाळी ९:४४

करवंद, राग समजू शकतो. इथे बंदुकीच्या परवान्याआधी सुरक्षेचा कोर्स करावा लागतो, शिकारीचा परवाना वेगळा, हंगाम ठरलेला, अंगावर लांबून दिसेल असा भडक रंग सक्तीचा. मारलं ते घरी आणून खातो. तुम्हाला पटावं असा आग्रह नाही. थंडीला मात्र हातात बंदूक आहे की कॅमेरा ते कळत नाही.

नाना_गिरगाव | ३ डिसेंबर, सकाळी ११:१५

भांडू नका रे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय संपवला आणि हिमबिबट्या त्यातल्या पहिल्याच परिशिष्टात आहे. देशभरातली पहिली शास्त्रशुद्ध मोजणी २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाली: एकूण ७१८. त्यातले ४७७ एकट्या लडाखात, हिमाचलात ५१. बगळे, तुम्ही एक्कावन्नांतला एक बघायला निघालात, एवढं ध्यानात ठेवून जा.

आणि करवंद, किब्बरची गंमत ऐका. तिथे हिमबिबट्या शत्रूच होता. याकाचं वासरू नेलं, शेळ्या नेल्या, म्हणजे घरचं नुकसान. पुढे गावाने संशोधकांच्या साथीने गुरांचा विमा काढला, काही कुरणं चराईला बंद करून रानातल्या जनावरांसाठी सोडली. आता त्याच गावातली पोरं तो दाखवून चार पैसे मिळवतात. तेव्हा स्पॉटरला मजुरी देताना घासाघीस नको.

करवंद | ३ डिसेंबर, सकाळी ११:४०

नाना, हे माहीत नव्हतं. माझ्याकडून विषय संपला.

ओलीचिंब | ३ डिसेंबर, दुपारी २:०३

वाचतेय. कपडे मुंबईत कुठे घेणार? परळला हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटर घेऊन बसतात तिथे चालेल का?

हिरवी_वाट | ३ डिसेंबर, रात्री ९:३०

परळहून टोप्या आणि गळपट्टे खुशाल घ्या. स्वेटर मात्र बरेचदा ॲक्रिलिकचे असतात. ते घरात तंदूरपाशी चालतात, कड्यावर वारा त्यांच्या आरपार जातो.

अंगाला लागून मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचं थर्मल. सुती काहीही नको, बनियनसुद्धा नाही. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जाकीट, सगळ्यांत वर वारा अडवणारं मोठ्या मापाचं काहीतरी. डिकॅथलॉनमध्ये बहुतेक सगळं मिळतं. जाड पिसांचा कोट आणि बर्फाचे बूट परत कधी लागणार नसतील तर गिर्यारोहणाचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडून घ्या. बूट भाड्याचे असले तर घरी घालून जिने चढून-उतरून बघा, शिमल्यात पहिल्यांदा पायात घालू नका.

आणि पायांकडे दुर्लक्ष होतं. वर चार थर आणि खाली जीन्स, असे महाभाग मी बघितलेत. बसलेल्या माणसाच्या मांड्या वाऱ्याच्या तोंडी असतात. थर्मल, फ्लीसची पँट आणि वर फुगीर पँट, हे तिन्ही हवं.

बायकांसाठी (पुरुषांनीही वाचायला हरकत नाही): रात्री उठावं लागू नये म्हणून पाणी कमी पिऊ नका. त्या उंचीवर ते महागात पडतं. रुंद तोंडाची झाकणाची बाटली आणि फनेल जवळ ठेवा. लाज वाटते, पण रात्री दोन वाजता अंगणापलीकडच्या संडासात जायच्या वेळी वाटेनाशी होते.

तळोजावाला | ३ डिसेंबर, रात्री ११:५२

टपरीने मॉलचं सांगितलं म्हणून लिहितो. खरं उणे १८ मुंबईच्या शेजारीच आहे आणि रोज शेकडो माणसं त्यात काम करतात. मी तळोज्याला मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. कोळंबी, म्हाकूळ, वाकटी, सगळं गोठवून खोक्यात. साठवणीचं चेंबर उणे १८ ते २०, आणि माल पहिल्यांदा गोठवतात तो ब्लास्ट फ्रीझर उणे ३५-४०.

कुणाला आत नेऊन दाखवता येणार नाही, खाण्याचा माल आहे, ऑडिट असतं. पण जे रोज बघतो ते सांगतो.

लोडिंग असतं तेव्हा आमची पोरं खोकी उचलून उचलून घामेघूम होतात, जाकिटाच्या चेनी उघड्या टाकतात. नवीन माणूस हमखास त्याच घामावर गप्पा मारत उभा राहतो. दहा मिनिटांत कुडकुडायला लागतो आणि म्हणतो, आज चेंबर जास्त थंड आहे का? चेंबर तेवढंच असतं. जुना माणूस खोकी संपली की आधी बाहेर येतो, अंगातला शर्ट बदलतो आणि मग पुन्हा आत जातो. प्रेअरीकरांनी लिहिलंय ते वाचून हसू आलं, तिकडे बर्फात आणि इकडे तळोज्यात एकच अक्कल.

वाऱ्याचंही तसंच. चेंबरमध्ये गारव्याचे पंखे असतात. त्यांच्या झोतात आणि कोपऱ्यात थर्मामीटर तेच दाखवतो, पण पंख्याखाली गाल बधिर होतात आणि कोपऱ्यात काही वाटत नाही. तुम्ही कड्यावर बसाल तेव्हा दिसतंय कुठून चांगलं हे बघालच, पण वारा कुठून येतोय तेही बघा. दगडाच्या आडोशाला चार पावलं मागे बसलात तर दोन तास जास्त टिकाल.

हातमोजे: बोटं सुटी असलेल्या मोज्यांपेक्षा चार बोटांना एकच पिशवी असलेले (मिटन) गरम राहतात, बोटं एकमेकांना ऊब देतात. आत पातळ लायनर. आमच्याकडे पावती लिहायची असली तरी लायनर काढत नाहीत. उघड्या हाताने लोखंडी रॅक पकडलात की हात बधिर होतो, आणि तो ओला असला तर कातडी चिकटते.

आता घरच्या घरी करता येईल ते. तुमच्या फ्रिजचा फ्रीझर व्यवस्थित चालत असेल तर तोही उणे १८ च्या आसपासच असतो. जे जे खायचं म्हणून नेणार आहात ते रात्रभर त्यात ठेवा आणि सकाळी बाहेर काढल्या काढल्या चावून बघा. क्रीम, पेन, प्लॅस्टिकचा रेनकोट, सगळं ठेवा. काय दगड होतं ते बोरिवलीतच कळेल.

टपरी_नं_९ | ४ डिसेंबर, सकाळी ८:१०

तळोजावाले, दंडवत. मॉलचा सल्ला मागे घेतो.

प्रेअरीकर | ४ डिसेंबर, सकाळी ८:२५

वाऱ्याला +१. इथल्या हवामान खात्याच्या सूत्राने उणे २० आणि ताशी ३० किलोमीटर वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे ३३ सारखं. तेवढ्यात अर्ध्या तासाच्या आत गाल-नाक गोठू शकतं.

डॉ_खडीसाखर | ४ डिसेंबर, दुपारी ३:४०

पार्ल्यात दवाखाना आहे, हिमालयात जाणारे पेशंट दरवर्षी येतात, म्हणून मोजकं लिहितो. स्वतःच्या डॉक्टरांना भेटाच, पन्नाशीनंतर रक्तदाब, साखर आणि हृदय तपासल्याशिवाय निघू नका.

थंडीपेक्षा उंचीची भीती जास्त बाळगा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे सुरुवातीला होतं. ते असताना आणखी वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, माणूस झिंगल्यासारखा चालू लागला, तर "सकाळी बघू" नाही. लगेच खाली आणायचं. उंचीच्या त्रासासाठी ॲसिटाझोलामाइडची गोळी अनेकांना उपयोगी पडते, पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळू नये.

नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, गाल, बोटं. हे भाग पांढुरके पडून बधिर झाले की तिथे गोठणं सुरू झालंय. स्वतःचं नाक स्वतःला दिसत नाही, म्हणून चौघांनी जोड्या करा आणि अधूनमधून एकमेकांचे चेहरे बघा. सुरुवातीलाच लक्षात आलं तर उबदार हात नुसता धरून ठेवला, बोटं काखेत घातली तरी पुरतं. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. तंदूरजवळही धरायचं नाही. बधिर कातडीला चटका कळत नाही, भाजलेलं नंतर दिसतं. बोट कडक आणि मेणासारखं झालं असेल तर ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात शेकायचं, पण वाटेत परत गोठायचा धोका असेल तर शेकू नका, तसंच दवाखान्यात न्या. काझाला सरकारी रुग्णालय आहे.

एखादा मित्र अचानक चिडचिडा झाला, शब्द जड झाले, चेन लावता येईना, तर त्याचा स्वभाव काढू नका. अंगाचं तापमान उतरतंय. आडोशाला घ्या, कोरडे कपडे, गोड गरम प्यायला द्या.

आणि होय, "दोन घोट घेतले की गरम वाटतं" हे खरं आहे. वाटतं. कातडीकडे रक्त येतं म्हणून वाटतं आणि तीच ऊब बाहेर निघून जाते. सिगारेटने उलट बोटांकडचं रक्त कमी होतं. दोन्ही मुंबईत परत आल्यावर.

टपरी_नं_९ | ४ डिसेंबर, दुपारी ४:०२

डॉक्टर, शेवटच्या परिच्छेदाचा मी निषेध नोंदवतो.

लेन्सकरी | ४ डिसेंबर, रात्री १०:१८

कॅमेऱ्याचं कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून.

गारठ्यात बॅटरी मरत नाही, सुस्त होते. २० टक्के दाखवून बंद पडलेली बॅटरी खिशात गरम केली की पुन्हा थोडे फोटो देते, म्हणून फेकाफेक करू नका. जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या, छातीजवळच्या खिशात. बाहेरच्या जाकिटाच्या खिशात ठेवून काही उपयोग नाही. एक मशीनमध्ये, दोन खिशात, तासाला अदलाबदल. रात्री त्या तुमच्याबरोबर पांघरुणात झोपतील.

संध्याकाळी घरात शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा आणि लेन्स पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करायचं. जाड झिपवाली पिशवी किंवा साधी मोठी प्लॅस्टिकची पिशवी रबर लावून. पाणी पिशवीच्या बाहेरून जमतं, आत नाही. दोन तास उघडायची नाही. फोटो बघायची घाई असेल तर कार्ड बाहेरच काढून घ्या. सगळी चूक तिथेच होते, कारण दिवसभर दिसलेला बिबट्या बायकोला दाखवायचा असतो.

ट्रायपॉडच्या पायांना क्रिकेट बॅटची ग्रिप किंवा पाइपवर चढवतात तो फोम लावा. व्ह्यूफाइंडरवर श्वास सोडू नका, काच गोठते. तोंडावरचं फडकं नाकाच्या खाली नीट दाबलेलं हवं. बर्फात कॅमेरा फसतो आणि फोटो करडे येतात, एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा. आणि गाडीत हीटर लावून उघड्या खिडकीतून लांबचा फोटो काढाल तर हवेच्या लाटांनी तो कधीच शार्प येणार नाही, त्याला लेन्सला दोष देऊ नका.

हातमोजे घालून सगळी बटणं दाबायचा सराव घरी करा. डोळे मिटून.

ड्रोनचा विचारही नको. अभयारण्य आहे, आणि त्या आवाजाने आयबेक्स (तिथले रानबकरे, बिबट्याची शिकार) पळाले की बिबट्याचाही दिवस वाया.

बोरिवलीचा_बगळा | ९ डिसेंबर, रात्री ९:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. तळोजावाल्यांची फ्रीझर परीक्षा घेतली, निकाल देतो.

सौ.ने हौसेने केलेले डिंकाचे लाडू रात्रभर ठेवले. सकाळी दाताने नाही, बत्त्याने फोडले. तूप गोठून आत नुसता दगड. बेसनाचा लाडूही त्याच वर्गात. चॉकलेटची वडी काचेसारखी तुटली, पण तोंडात बराच वेळ चव लागेना. खजूर मात्र पास! घट्ट होतो पण चावता येतो. भाजलेले शेंगदाणे, बदाम, छोटी भाकरवडी, तिघंही पहिल्या वर्गात, काही फरकच नाही. चिक्की जशी होती तशीच, पण मोठी वडी नेण्यात अर्थ नाही, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून नेणार. ट्यूबमधलं सनस्क्रीन बाहेरच येईना, ते आता आतल्या खिशात. जुना प्लॅस्टिकचा रेनकोट पुठ्ठ्यासारखा उभा राहिला, तो बाद.

हातमोज्यांचा सराव गॅलरीत चालू आहे. समोरच्या बिल्डिंगमधले लोक बघतात. डिसेंबरात बोरिवलीला २४ अंशांत मिटन घालून कावळ्याचे फोटो काढणारा माणूस म्हणून माझी ख्याती झालीये. फोकसचं बटण जमतं, आयएसओची चकती अजून नाही.

शंका दोन. हाताला ऊब देणाऱ्या त्या पुड्या मिळतात, त्या किती घ्याव्यात? आणि पाणी कसं न्यायचं, थर्मास की बाटली?

हिरवी_वाट | ९ डिसेंबर, रात्री १०:२०

लाडूंचं वाईट वाटलं! ते घरात तंदूरजवळ खा, तिथे मऊ होतील. होमस्टेत थुकपा, टिंगमो, लोण्याचा खारट चहा भरपूर मिळतो. चहा पहिल्या घोटाला आवडत नाही, चौथ्याला मागून घ्याल.

पाणी दोन्हीत. थर्मास गरम पाण्याचा, आणि दुसरी साधी रुंद तोंडाची बाटली मोज्यात घालून पिशवीत उलटी. बर्फ वरच्या बाजूने धरतो, उलटी ठेवली की तोंडाशी पाणी राहतं. नळीवाली पिशवी नको, नळी पहिल्या तासातच गोठते.

प्रेअरीकर | १० डिसेंबर, सकाळी ७:०५

पुड्यांवर फार भिस्त ठेवू नका. आत लोखंडाची भुकटी असते, ती हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून तापते. तुमच्याकडे ४,२०० मीटरवर समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के ऑक्सिजन, त्यामुळे मुंबईत जितक्या तापतील तितक्या तिथे तापणार नाहीत. बुटात हवा कमी, तिथे आणखीच मंद. कातडीला थेट लावू नका, लायनरच्या वर ठेवा. मी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवतो, हाताकडे जाणारं रक्त तिथून जातं.

थंडी वाजायला लागायच्या आधी खा. दर तासाला मूठभर. आणि बसल्या बसल्या बुटात बोटं हलवत राहा, मांड्या आवळा-सोडा. आवाज होत नाही, हरणाला कळत नाही, बिबट्यालाही कळणार नाही.

तळोजावाला | १० डिसेंबर, दुपारी १:३०

गॉगल विसरू नका. चेंबरमध्ये लागत नाही म्हणून मला सुचलं नव्हतं, पण आमचे एक ड्रायव्हर आधी लेहला गाडी चालवायचे, ते म्हणाले बर्फावरच्या उन्हाने डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, दुसऱ्या दिवशी उघडत नाहीत. नाकाच्या खालची बाजूही भाजते, ऊन खालूनही येतं.

बोरिवलीचा_बगळा | १० डिसेंबर, रात्री ८:४५

नोंद केली. डॉक्टरांकडे चौघांची तपासणी झाली, एकाची रक्तदाबाची गोळी बदललीये, तो आता महिनाभर बघून ठरवणार. फोम उद्या आणतोय, आठ तुकडे. गंजीफ्रॉक बदलण्याची रंगीत तालीम घेतली तेव्हा सौ. म्हणाल्या, हे तुम्ही बर्फात करणार? त्यांना धागा वाचायला दिलाय.

शेवटचं एक, विमानात ट्रायपॉड आणि बॅटऱ्यांचं कसं करायचं?

लेन्सकरी | १० डिसेंबर, रात्री ९:१२

ट्रायपॉड मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून सामानात टाका. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच, सामानात चालत नाहीत. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर टेप किंवा प्लॅस्टिकचं झाकण. पॉवर बँक १०० वॉट-अवरच्या आत हवी. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, चालेल. आकडा वरती छापलेला नसेल तर सुरक्षा तपासणीत अडकाल, तो पुसट झालेला असला तर नवी घ्या. स्टोव्हचा गॅसचा डबा कुठल्याच बॅगेत नको.